तळाचे दार : बर्न्ली, लिंकन आणि १९८६-८७चा मोसम

इचलकरंजीत जुना माग भंगारात निघाला की तो वजनावर जातो. लोखंडाचा त्या दिवशीचा भाव आणि काटा, एवढ्यावर व्यवहार मिटतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका कारखान्यातून असेच चार माग बाहेर पडत होते. त्यातल्या एकाच्या चौकटीवर ओतीव अक्षरे होती : ‘बटरवर्थ अँड डिकिन्सन, बर्न्ली’. भंगारवाल्याला दहा मिनिटे थांबायला सांगून मी त्या अक्षरांवर कागद ठेवला, वरून पेन्सिल घासली आणि ठसा घेतला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस. पदवी पुरी झाली नाही. संध्याकाळी आणि रविवारी गावातल्या मागांची माहिती गोळा करायची, हा तीस वर्षांचा नाद. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, इथपासून माझ्या वह्या सुरू होतात. त्या ठशामुळे बर्न्ली हे गाव माझ्या वहीत आले. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले हे गाव पहिल्या महायुद्धाआधी जगातल्या सर्वांत मोठ्या विणकाम केंद्रांत गणले जाई. तिथे माग चालत आणि मागही तयार होत. तिथली क्वीन स्ट्रीट मिल, वाफेवर चालणारी शेवटची विणकाम गिरणी, मार्च १९८२मध्ये बंद पडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. दोन्हीकडचे भोंगे बंद होण्यात दोन महिन्यांचे अंतर.

बर्न्लीच्या गिरण्यांविषयी जे हाताला लागेल ते मी वाचत गेलो. त्यात वारंवार फुटबॉल आडवा येई. कोल्हापूरविषयी वाचताना तालमी येतात, तसा. आणि त्या गावाच्या आठवणींत एक तारीख गिरणी बंद पडल्याच्या तारखेपेक्षाही ठळक दिसे : ९ मे १९८७, शनिवार. त्या दिवशी बर्न्ली काही जिंकले नव्हते. चौथ्या श्रेणीत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वांत खालच्या पायरीवर, शेवटचा क्रमांक चुकवला होता. शेवटून तिसरे आल्याचा आनंद एवढा का, याचे उत्तर शोधताना मला इंग्लिश फुटबॉलच्या तळाशी ९९ वर्षे बंद असलेल्या एका दाराची गोष्ट सापडली. हा लेख त्या दाराविषयी आहे.

उतरंड म्हणजे काय?

आपल्याकडच्या वाचकाला बढती आणि घसरण ही कल्पना क्रिकेटमधून कळेल. मुंबईत १९४८पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ‘ए’पासून ‘जी’पर्यंतच्या गटांत विभागलेली आहे. खालच्या गटात चांगला खेळलेला संघ वर चढतो, वरच्या गटात तळाला राहिलेला खाली उतरतो. इंग्लंडचे फुटबॉल हेच, फक्त देशभर पसरलेले. १९८६-८७मध्ये फुटबॉल लीगच्या चार श्रेणी होत्या. चौथ्या श्रेणीत २४ संघ. प्रत्येकाने इतर २३ जणांशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या गावी खेळायचे, असे ४६ सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. ऑगस्टमध्ये सुरू झालेला हिशेब मे महिन्यात मिटतो. गुण सारखे झाले की गोलफरक पाहतात, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल.

वरच्या टोकाची गंमत सर्वांना कळते. पण या रचनेचा खरा जोर खालच्या टोकाला असतो. मे महिन्यात विजेतेपदाच्या शर्यतीत दोन-तीन संघ उरतात. बाकीच्यांना मोसम संपल्यातच जमा. घसरणीची भीती असेल तर तळाच्या पाच-सहा संघांचा प्रत्येक सामना जिवावरचा होतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी यांचा सामना ज्याने पाहिला आहे, त्याला संघ म्हणजे पेठेची अब्रू हे सांगावे लागणार नाही. बर्न्लीसारख्या गावात, गिरण्या गेल्यावर, गावाचे नाव दर शनिवारी देशभर ऐकू येण्याचे तेवढेच एक निमित्त उरले होते. रेडिओवर निकाल वाचताना लीगमधले संघ येतात. लीगबाहेरच्या संघांना त्या यादीत जागा नसते.

सभासदांचे मत

फुटबॉल लीग १८८८ साली बारा संघांनी स्थापन केली. बर्न्ली त्या बारांपैकी एक. सुरुवातीपासून नियम असा की तळाच्या चार संघांनी मोसमाअखेर पुन्हा अर्ज करायचा आणि लीगच्या संघांनी मतदान करून त्यांना ठेवायचे की बाहेरचा संघ घ्यायचा हे ठरवायचे. १८९०मध्ये स्टोक या संस्थापक संघालाच अशा मतदानात बाहेर जावे लागले.

१८९२मध्ये दुसरी श्रेणी निघाली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत कोणी चढावे आणि कोणी उतरावे यासाठी ‘कसोटी सामने’ खेळले जात. १८९८मध्ये या सामन्यांत स्टोक आणि बर्न्ली यांची शेवटची गाठ अशी पडली की बरोबरी झाली तर दोघांनाही पहिल्या श्रेणीत जागा मिळणार होती. दोघांनी गोल करण्याचा प्रयत्नच केला नाही. निकाल ०-०. प्रेक्षक इतके संतापले आणि बोभाटा इतका झाला, की कसोटी सामने बंद करून गुणतक्त्यावरून थेट बढती-घसरण सुरू झाली. म्हणजे वरच्या मजल्यावरचा जिना नियमाने मोकळा झाला तो १८९८मध्ये, आणि त्याला बर्न्लीच कारण.

तळमजल्याचे बाहेरचे दार मात्र मतदानाच्या ताब्यात राहिले. पुढे तिसरी श्रेणी आली, १९५८मध्ये चौथी आली, तरी तळाच्या चार संघांनी अर्ज करायचा आणि वार्षिक सभेत हात जोडून उभे राहायचे, ही रीत तशीच. मतांचे वजन वरच्या दोन श्रेणींच्या संघांकडे होते. खालच्या श्रेणींतले संघ फक्त सहयोगी सभासद. चौथ्या श्रेणीच्या पहिल्या २८ मोसमांत, दरसाल साधारण चार अर्ज धरता, मतदानाने बाहेर गेले ते अवघे पाच संघ : १९६०मध्ये गेट्सहेड, १९७०मध्ये ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू, १९७२मध्ये बॅरो, १९७७मध्ये वर्किंग्टन आणि १९७८मध्ये साउथपोर्ट. अॅक्रिंग्टन स्टॅनलीने १९६२मध्ये कर्जापायी स्वतःच राजीनामा दिला.

गेट्सहेडचे उदाहरण बोलके आहे. ते तळाला नव्हते, शेवटून तिसरे होते. त्यांच्या खालचे दोघे राहिले आणि ते गेले. बॅरो, वर्किंग्टन ही वायव्येच्या कोपऱ्यातली गावे, प्रवासाला अडचणीची. गुणतक्त्यात प्रवासाचे गुण नसतात. मतपत्रिकेत असू शकतात.

बाहेरचे संघ कच्चे होते असे म्हणावे, तर आत आलेल्यांची यादी पाहा. अॅक्रिंग्टनच्या जागी आलेले ऑक्सफर्ड युनायटेड १९८५मध्ये पहिल्या श्रेणीत पोचले आणि १९८६मध्ये त्यांनी लीग चषक जिंकला. वर्किंग्टनच्या जागी आलेले विम्बल्डन नऊ वर्षांत पहिल्या श्रेणीत गेले आणि १९८८मध्ये अंतिम सामन्यात लिव्हरपूलला हरवून त्यांनी एफए चषक उचलला. साउथपोर्टच्या जागी आलेल्या विगनने २०१३मध्ये तोच चषक जिंकला. दाराबाहेर काय उभे होते, हे यावरून कळते.

१९७९मध्ये लीगबाहेरच्या चांगल्या संघांची देशव्यापी स्पर्धा सुरू झाली; पुढे तिला कॉन्फरन्स म्हणू लागले. पहिल्याच मोसमात ऑल्ट्रिंगम विजेते ठरले. १९८०च्या सभेत त्यांची लढत पडली चौथ्या श्रेणीत तळाला राहिलेल्या रॉचडेलशी. रॉचडेलला २६ मते, ऑल्ट्रिंगमला २५. पुढच्या वर्षी ऑल्ट्रिंगम पुन्हा विजेते झाले, पुन्हा बाहेरच राहिले. १९७८नंतर १९८६पर्यंत मतदानाने एकही नवा संघ आत आला नाही.

जुन्या रीतीच्या बाजूने बोलण्यासारखेही आहे, आणि ते टाळणे बरे नाही. छोट्या गावाच्या संघाचे एखादे वर्ष वाईट जाते : दुखापती, पैशाची ओढाताण, नवखा व्यवस्थापक. अशा वर्षासाठी शंभर वर्षांचे नाव पुसावे का? सभासद एकमेकांना सांभाळून घेत, त्यात माणुसकी होती. पण त्या माणुसकीची किंमत देणारा सभेत नसे. तो दाराबाहेर उभा असे.

नियम बदलला

अखेर १९८६-८७पासून असे ठरले की चौथ्या श्रेणीत २४वा येणारा संघ थेट बाहेर जाईल आणि कॉन्फरन्सचा विजेता, मैदान आणि आर्थिक स्थितीच्या अटी पुऱ्या करत असेल तर, थेट आत येईल. मत नाही, भाषण नाही.

त्या वर्षीची चौथी श्रेणी पाहिली की जुन्या वाड्यातल्या पडझडीची आठवण होते. १८८८च्या बारा संस्थापकांपैकी तिघे तिथे येऊन पडले होते. प्रेस्टन नॉर्थ एंड हे पहिल्याच मोसमाचे अपराजित विजेते. १९८६मध्ये ते शेवटून दुसरे आले होते आणि पुनर्निवडीच्या मतावर वाचले होते. वुल्व्हजने १९५०च्या दशकात तीनदा अजिंक्यपद मिळवले होते. आणि बर्न्ली : १९२०-२१ आणि १९५९-६०चे राष्ट्रीय विजेते, त्यानंतर युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळलेला संघ.

प्रेस्टन आणि वुल्व्हज वरच्या अंगाला राहिले. नॉर्थॅम्प्टन ९९ गुणांनी पहिले आले, प्रेस्टन दुसरे, साउथएंड तिसरे. तिघेही वर चढले. त्याच वर्षी ‘प्ले-ऑफ’ सुरू झाले आणि ऑल्डरशॉटने आधी तिसऱ्या श्रेणीतल्या बोल्टनला आणि मग वुल्व्हजला हरवून चौथी जागा घेतली. त्यामुळे बोल्टन हा आणखी एक संस्थापक संघ चौथ्या श्रेणीत घसरला.

बर्न्लीची दशा मात्र झाली. एफए चषकात लीगबाहेरच्या टेलफर्डने त्यांना ३-०ने हरवले. जानेवारी १९८७मध्ये घरच्या मैदानावर हेरिफर्डकडून ०-६. टर्फ मूर या त्यांच्या मैदानावर तीन हजार माणसे जमली तरी पुष्कळ म्हणायची. व्यवस्थापक होते ब्रायन मिलर. १९६०च्या अजिंक्य संघात ते स्वतः खेळले होते. ज्या माणसाने गावाचा सर्वांत उंच दिवस मैदानात राहून पाहिला, त्याच्यावर हा दिवस बाकावर बसून पाहायची वेळ आली.

टॉर्की हे नैर्ऋत्येचे समुद्रकाठचे गाव. त्यांचा संघ १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे तळाला होता आणि दोन्ही वेळा मतांनी वाचला होता. आता मते नव्हती.

तिसरे नाव लिंकन सिटी. आदल्या मोसमात ते तिसऱ्या श्रेणीतून उतरले होते. या मोसमाच्या मध्यावर ते गुणतक्त्याच्या वरच्या अर्ध्यात होते. नंतर घसरण लागली ती थांबली नाही. तरी शेवटच्या दिवशी सकाळी ते तळाला नव्हते. हिशेब असा होता : लिंकन ४८, टॉर्की ४७, बर्न्ली ४६. प्रत्येकाचा एक सामना शिल्लक. बर्न्लीला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. लिंकनला बरोबरी पुरेशी होती.

९ मे १९८७

बर्न्लीचा सामना लंडनच्या ओरिएंटशी, घरच्या मैदानावर. ओरिएंटलाही जिंकायचे होते, कारण प्ले-ऑफची आशा होती. त्या दिवशी टर्फ मूरवर १५ हजारांहून अधिक लोक आले. गर्दी आत येईपर्यंत सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू करावा लागला. आलेल्यांतले पुष्कळ जण कित्येक वर्षांत मैदानावर फिरकले नव्हते. घरात कोणी अत्यवस्थ आहे असे कळल्यावर दूरचे नातेवाईक येतात, तसे ते आले असावेत. मध्यंतराच्या थोडे आधी नील ग्रूकॉकने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच इयन ब्रिटनने, संघातल्या सर्वांत बुटक्या खेळाडूंपैकी एकाने, डोक्याने दुसरा केला. मग ओरिएंटच्या अॅलन कम्फर्टने एक फेडला. २-१. उरलेला अर्धा तास बर्न्लीने कसाबसा काढला. सामना संपला तेव्हा त्यांचे ४९ गुण झाले. ते वाचले.

लिंकन स्वॉन्सीला खेळत होते आणि ०-२ने हरले. गुण ४८वरच राहिले. आता सगळे टॉर्कीवर. टॉर्की घरच्या मैदानावर क्रूविरुद्ध मध्यंतराला ०-२ने मागे होते. हरले तर ४७ गुण, म्हणजे तळाला तेच, आणि लिंकन सुरक्षित. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बचावपटू जिम मॅकनिकोलने फ्री किकवर एक गोल फेडला. १-२. वेळ संपत आली.

शेवटची काही मिनिटे उरली असताना मॅकनिकोल चेंडूमागे धावत बाजूच्या रेषेकडे गेला. तिथे बंदोबस्ताला पोलिसांचा ब्रिन नावाचा अल्सेशियन कुत्रा होता. आपल्या हवालदारावर हा माणूस चालून येतो आहे असे त्याला वाटले आणि त्याने मॅकनिकोलच्या मांडीचा लचका तोडला. जखम बांधण्यात वेळ गेला. तो वेळ पंचांनी सामन्यात भरून दिला. त्या भरपाई वेळेत पॉल डॉब्सनने गोल केला. २-२. टॉर्कीचे ४८ गुण, लिंकनचेही ४८, आणि टॉर्कीचा गोलफरक सरस. तळाला लिंकन. फुटबॉल लीगच्या इतिहासात गुणतक्त्याने थेट बाहेर काढलेला पहिला संघ.

ही गोष्ट मी माझ्या मित्रांना सांगतो तेव्हा सगळे हसतात, आणि मग कोणीतरी विचारतो : मग मतदान वाईट आणि कुत्रा चावणे चांगले, असे कसे? प्रश्न रास्त आहे. मी पुष्कळ दिवस त्यावर अडलो होतो.

माझे उत्तर असे. नशीब दोन्हीकडे आहे. पण कुत्र्याला गुणतक्ता वाचता येत नव्हता. मॅकनिकोल कोणत्या संघाचा, त्याच्या अध्यक्षांची कोणाशी ओळख, त्याच्या गावाला गाडी थेट जाते की बदलावी लागते, यातले त्याला काही ठाऊक नव्हते. ४६ सामन्यांच्या हिशेबात नशीब दोन-चार गुण इकडेतिकडे करते. बाकीचे गुण कोणी दिलेले नसतात, मिळवलेले असतात. लिंकनच्या माणसाला तो हिशेब पुन्हा मांडून पाहता येतो. कोणता सामना हातचा घालवला, कुठे एक गुण राहिला, हे त्याला बोटावर मोजता येते. २५ विरुद्ध २६ मतांनी बाहेर राहिलेल्या ऑल्ट्रिंगमच्या माणसाने काय मोजावे?

नंतर काय झाले

पुष्कळांना वाटले होते की बाहेर पडलेला संघ संपणार. लिंकन संपले नाही. जुने व्यवस्थापक कॉलिन मर्फी परत आले आणि १९८८मध्ये कॉन्फरन्स जिंकून लिंकन एका वर्षात आत आले. दार बाहेरच्या बाजूने उघडते तसे आतल्या बाजूनेही उघडते, हे त्यांनी पहिल्या फेरीतच सिद्ध केले. १९८६पर्यंतच्या नियमात एकदा बाहेर गेलेल्याला अशी वाट जवळजवळ नव्हती.

लिंकनच्या जागी आत आले ते यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचे स्कारबरो, नील वॉर्नॉक यांच्या हाताखालचे. बारा वर्षे ते लीगमध्ये राहिले. ८ मे १९९९ला, पुन्हा मोसमाच्या शेवटच्या दिवशी, कार्लाइलचा उसना आणलेला गोलरक्षक जिमी ग्लास भरपाई वेळेत आपली चौकट सोडून दुसऱ्या टोकाला धावत गेला आणि त्याने गोल केला. कार्लाइल वाचले, स्कारबरो बाहेर गेले. ते परत येऊ शकले नाहीत. २००७मध्ये तो संघ कर्जात बुडून विसर्जित झाला. दार सर्वांना सारखे लागते, पण त्याचा फटका सर्वांना सारखा सोसत नाही.

आणि दार खरेच पूर्ण उघडे होते का? १९९४मध्ये किडरमिन्स्टर, १९९५मध्ये मॅकल्सफील्ड आणि १९९६मध्ये स्टीव्हनेज हे कॉन्फरन्सचे विजेते मैदानाच्या अटीवर अडवले गेले. त्यातून वाचले कोण? १९९४मध्ये नॉर्थॅम्प्टन, म्हणजे १९८७चे ९९ गुणांचे विजेते. आणि १९९६मध्ये टॉर्की, पुन्हा एकदा. गुणांनी उघडलेले दार विटा-सिमेंटच्या मोजमापाने ओढून घेता येते. तरी यात एक फरक आहे. मैदानाची अट लिहिलेली असते, ती पुरी करता येते. मॅकल्सफील्ड १९९७मध्ये, किडरमिन्स्टर २०००मध्ये आणि स्टीव्हनेज २०१०मध्ये आत आलेच. २००३पासून तर खालून दोन संघ वर येऊ लागले.

बर्न्लीने १९९२मध्ये चौथी श्रेणी जिंकली आणि २००९मध्ये प्रीमियर लीग गाठली. त्याआधीचा एक प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मे १९८८मध्ये, वाचल्यानंतर अवघ्या एका वर्षाने, खालच्या श्रेणींच्या एका चषकाच्या अंतिम सामन्यात बर्न्ली आणि वुल्व्हज वेम्बलीवर खेळले. प्रेक्षक होते ८०,८४१. चौथ्या श्रेणीतल्या दोन संघांसाठी. माणसे मेलेल्या गोष्टीसाठी एवढी जमत नाहीत.

आपल्याकडे

भारतात २०१४मध्ये इंडियन सुपर लीग आली ती बंद दाराची : संघ ठरलेले, तळाला राहिले तरी जागा पक्की. आय-लीग ही जुनी स्पर्धा आराखड्यात दुय्यम ठरू लागली, तेव्हा २०१६मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तीन क्लबांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांतले धेंपो तर दुसरी श्रेणी जिंकून, कमावलेली बढती हातात असताना बाहेर पडले. वर जायचे दारच नसेल तर चढून काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या जागेवर मिझोरमचे ऐझॉल, जे आदल्या मोसमात घसरले होते, परत घेतले गेले. आणि २०१६-१७मध्ये तेच ऐझॉल आय-लीगचे विजेते ठरले. तळातल्या संघात काय दडलेले असते ते पुन्हा दिसले. २०२३मध्ये पंजाब आणि २०२४मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून वर गेले. चढायचा जिना झाला, पण वरून कोणी उतरले नाही. इंग्लंडला तळाचे दार उघडायला ९९ वर्षे लागली हे लक्षात घेता आपण उतावीळ होऊ नये, असे कोणी म्हणेल. गोव्यातल्या मैदानांवर वाढलेल्या पोरांना ते सांगून पाहावे.

माझे मत

आता एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख माझ्या हातून पुरा होत नाही. मागांच्या कामासाठी मला एका संस्थेच्या संदर्भ ग्रंथालयाचे सभासदत्व हवे होते. अर्जावर दोन विद्यमान सभासदांच्या सह्या लागत. माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. तीन वर्षे ‘पुढच्या खेपेला पाहू’ एवढेच उत्तर मिळाले. त्याच तीन वर्षांत, वर्षानुवर्षे कपाट न उघडलेल्या सभासदांचे नूतनीकरण मात्र सभेत एका दमात मंजूर होई. चौथ्या वर्षी एका वृद्ध सभासदाला माझी दया आली आणि मी आत आलो.

काही वर्षांनी मी स्वतः त्या समितीवर होतो. जागा मर्यादित. एका जागेसाठी दोन नावे : एक आमचे जुने सभासद, सहा वर्षांत दोनदा आलेले, दुसरी तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारी एक मुलगी, लोकगीतांवर काम करणारी. वाचनकक्षाच्या नोंदवहीत पाहुणी म्हणून तिच्या सह्या कितीतरी पानांवर होत्या. मी हात वर केला तो जुन्या सभासदांसाठी. कारण काही नव्हते. ते समोर बसले होते, त्यांच्या मुलाच्या लग्नाला मी जेवलो होतो. ती मुलगी समोर नव्हती.

मी कोणत्या वर्षीच्या कोणत्या सभेतला माणूस झालो होतो, हे मला रॉचडेल-ऑल्ट्रिंगमची मते वाचताना कळले. त्याआधी मी स्वतःला नेहमी ऑल्ट्रिंगम समजत आलो होतो.

२०१७च्या १८ फेब्रुवारीला एफए चषकात बर्न्ली आणि लिंकन यांची टर्फ मूरवर गाठ पडली. बर्न्ली प्रीमियर लीगमध्ये. लिंकन पुन्हा एकदा लीगबाहेर घसरलेले. शेवटच्या मिनिटांत शॉन रॅगेटने डोक्याने गोल केला आणि लिंकन १-०ने जिंकले. त्याच मोसमात ते पुन्हा लीगमध्ये चढले. तीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी एक संघ दाराच्या आत राहिला होता आणि दुसरा बाहेर गेला होता. दार हलते राहिले म्हणून दोघे जिवंत होते.

आमच्या संस्थेच्या गेल्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला : नूतनीकरण आणि नवे सभासदत्व, दोन्ही वाचनकक्षाच्या नोंदवहीतल्या हजेरीवर ठरावे. तळाच्या दोघांनी जागा सोडावी, बाहेरच्या वरच्या दोघांनी ती घ्यावी. ठरावाच्या बाजूने माझ्यासह चार हात वर आले. विरुद्ध किती आले ते मी मोजले नाही. लोकगीतांवर काम करणारी ती मुलगी अजून पाहुणी म्हणूनच येते. ठराव पुढच्या वर्षी मी पुन्हा मांडणार आहे.